कोपऱ्यातला माणूस

कीर्तनाला बसलेला माणूस बुवांकडे बघतो. बुवांच्या मागं झांज घेऊन जो उभा असतो त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि बघायचं कारणही नसतं. त्याला झीलकरी म्हणतात. बुवांनी ध्रुपद म्हटलं की ते त्यानं उचलायचं, दोनदा, चारदा आळवायचं. तेवढ्यात बुवांनी श्वास घ्यायचा, घाम पुसायचा, पुढचं आठवायचं. बुवांनी तोंड उघडलं की ह्यानं मिटायचं. जन्मभर दुसऱ्याचीच ओळ म्हणायची. पण ज्यांनी मांडी घालून कीर्तनं ऐकली आहेत त्यांना ठाऊक आहे, झीलकरी धड नसला तर भल्याभल्या बुवांचं कीर्तन लंगडतं.

सिंदी रेल्वेच्या राममंदिरात सदाशिवरावांच्या मागं पुंडलिकराव असे एकतीस वर्षं उभे होते. सदाशिवराव शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, उंच, गोरे, आवाज अजून खणखणीत. पदं स्वतः रचायचे. पुंडलिकरावांचं बाजारात कापडाचं दुकान. गिऱ्हाइकापुढं लुगडं उलगडतानाही ते बुवांचं पद गुणगुणायचे, आणि बायका म्हणायच्या, “भाऊ, आधी भाव सांगा, मग रामराया आळवा.”

त्या एकतीस वर्षांना दत्तजयंतीच्या दिवशी तडा गेला.

झालं असं की आदल्या वर्षी सदाशिवरावांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. हातपाय सुधारले, चेहराही जागेवर आला. पण शब्द निसटू लागले. घरात बोलताना “ते... ते आपलं ते...” असं व्हायचं. कीर्तनात मात्र अजून झालं नव्हतं. पुंडलिकरावांनीच धसका घेतला होता. दत्तजयंतीला उत्तररंगात, आख्यान चालू असताना, बुवा एका ओळीवर थांबले. पुंडलिकरावांनी ध्रुपद एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. बुवांची मान खाली. समोर दोनशे माणसं. आणि पुंडलिकरावांनी पुढची ओळ आपणच म्हणून टाकली. बुवांच्याच चालीत, बुवांच्याच ठसक्यात.

लोकांना वाटलं, आज असंच बसवलं असेल. बुवांनी मागं वळूनही पाहिलं नाही. कीर्तन पुरं केलं, आरती झाली, बुक्का झाला. मग उपरण्याची घडी घालताना पुंडलिकरावांकडे न बघता ते म्हणाले, “पुढच्या वेळी तुम्हीच करा कीर्तन. मी मागं उभा राहीन.”

एकतीस वर्षं ‘अरे पुंडलिका’ म्हणणाऱ्या माणसानं ‘तुम्ही’ म्हटलं. त्यानंतर तीन महिने दोघांत बोलणं नाही. पुंडलिकराव दोनदा घरी गेले, तर बुवांची लेक सुमती दारातच ओशाळून म्हणाली, “काका, बाबा झोपलेत.” सकाळी दहा वाजता.

“तुमाले माफी मागाले काय होते?” पुंडलिकरावांची बायको यशोदाबाई रोज जेवताना विचारायच्या.

“कशाची माफी? चोरी केली काय म्या? बुवा अडकले होते. म्या ओळ देल्ली. लोकाईले समजलंबी नाई.”

“लोकाईले नाई समजलं. बुवाले तं समजलं ना!”

“मंग काय त्याईचं हसं होऊ देतो?”

“मले नका विचारू बाप्पा. भाकर घ्या.”

पुंडलिकरावांना खरोखर कळत नव्हतं. रात्रंदिवस तेच मनात. ज्याच्यासाठी जीव टाकला, त्यालाच राग काऊन यावा? देवापुढं हात जोडूनही त्यांनी विचारून पाहिलं. रामरायानं काही सांगितलं नाही.

रामनवमीला महिना उरला तेव्हा मंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष ओमप्रकाशजी दुकानात आले. धान्याचे व्यापारी, सज्जन माणूस. काउंटरवर टेकून हळूच म्हणाले, “देखो पुंडलिकजी, रामनवमीचं कीर्तन बुवाच करतो म्हणतात. पण म्हणतात, मागं कोणी नको. एकटा करतो. अब बताओ.”

“एकटे?” पुंडलिकरावांच्या हातातली कैची थांबली.

“हां. आता बाकी दिवशी ठीक आहे, दहा मिनिट इकडं तिकडं. रामनवमीला बारा म्हणजे बारा. पाळण्याची दोरी धरून बाया बसल्या राहतात, गुलाल हातात राहतो, पूरा गांव राहतो. बुवा मधीच अडकले तं? मागं तुम्ही असले तं मले धीर आहे. नाही तं मग नागपूरचे एक बुवा आहेत, जवान आहेत, त्याईले बोलावतो. मनातून नाही बोलून राह्यलो मी, पण काय करू?”

“त्याईले बोलावू नका,” पुंडलिकराव म्हणाले. “एकतीस वर्स झाले, बुवाच्या तोंडूनच राम जन्मते सिंदीत.”

“मग बुवाला मनवा. गुढीपाडव्यापर्यंत सांगा मला.”

ओमप्रकाशजी गेले. पुंडलिकरावांनी कापलेलं कापड पाहिलं, तर पाव मीटर जास्त गेलं होतं.

मनवायचं कसं, ह्याचा उजेड पडला तो मात्र भलतीकडून.

त्यांची नात आचल अकरावीत होती. इंग्रजीच्या शिकवणीला अच्युत सरांकडे जायची. हे अच्युत सर सेलूच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, आणि बुवांच्या कीर्तनात पेटीवर तेच असायचे. म्हणजे दत्तजयंतीला काय घडलं हे त्यांनी हातभर अंतरावरून पाहिलं होतं. पण सर मितभाषी. तीन महिन्यांत एका अक्षरानं बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी पुंडलिकराव लुनावरून आचलला आणायला गेले, तर शिकवणी संपायची होती. ते ओट्यावरच टेकले. आत आचल कुरकुरत होती.

“सर, मॅडमकडून बाकी सगळ्याईले सोपे वाक्प्रचार भेटले. मलेच हे. ‘टू बी इन समवन्स कॉर्नर.’ अर्थ लिवा, उगम लिवा, दहा ओळी. आजीले विचारलं तं आजी म्हणे, कोपऱ्यात तं आमच्या घरी केर काढाचा फडा रायते.”

सर हसले. “आजीचं चूक नाही. पण हा कोपरा घरातला नव्हे. बॉक्सिंगचा आहे. बॉक्सिंग पाहिलंयस?”

“टीव्हीवर. ते दोघं जण एकमेकाले बुकलतात ते?”

“तेच. चौकोनी ओटा असतो, भोवती दोर. समोरासमोरचे दोन कोपरे त्या दोघांचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात दोराबाहेर त्याचा माणूस उभा असतो. बादली, टॉवेल, पाण्याची बाटली, एक छोटं स्टूल. तीन मिनिटं झाली की घंटा. घंटा झाली की हा आत स्टूल ठेवतो, त्याला बसवतो, पाणी देतो, तोंड पुसतो, कानात एखादा शब्द सांगतो. मिनिटभर. पुन्हा घंटा व्हायच्या आत स्टूल उचलून बाहेर. त्यावरनं इंग्रजीत म्हणू लागले, मी तुझ्या कोपऱ्यात आहे. म्हणजे तुझ्या बाजूचा आहे, तुझ्या पाठीशी आहे. लिही.”

पेन्सिलीचा आवाज आला. मग आचल म्हणाली, “सर, हे तं चारच ओळी झाल्या.”

“आणखी सहा हव्यात?” सर जरा थांबले. मग त्यांचा आवाज बदलला. पुढं पुंडलिकरावांना नेहमी वाटत आलं की सरांनी तेव्हा खिडकीतून ओट्याकडे पाहिलं होतं. पण सरांना विचारायचं धाडस त्यांना कधी झालं नाही.

“मी स्वतः कोपऱ्यात उभा राहिलोय एकदा,” सर म्हणाले. “नागपूरला कॉलेजात होतो. नाचणगावचा रूपराव म्हणून माझा खोलीवरचा जोडीदार. बुटका, काळा, हाताला नुसतं लोखंड. कॉलेजांच्या स्पर्धा होत्या. त्याच्याकडे कोपऱ्याला माणूस नव्हता, म्हणून मला म्हणाला, तू ये. मला काय येतंय! पण गेलो बादली घेऊन. पहिला डाव त्यानं मारला, दुसराही मारला. मी पाणी दिलं, तोंड पुसलं. तिसऱ्यात समोरच्या पोरानं दोन ठोसे असे लगावले की रूपराव दोराला टेकला. मान खाली. दोन्ही हात तोंडापुढं. समोरचा मारतोच आहे. मला बघवेना ग. मला वाटलं, हा मरतो आता. मी टॉवेल घेऊन दोराखालून आत घुसलो आणि त्याला मिठी मारली.”

“बाप रे! मंग?”

“मग काय? घंटा व्हायच्या आत कोपऱ्यातला माणूस ओट्यावर चढला की त्याचा खेळाडू बाद. नियमच आहे तो. पंचानं समोरच्याचा हात वर केला. रूपराव गुणांनी पुढं होता. नुसता उभा राहिला असता तरी जिंकत होता.”

“पण सर, तुमी तं त्याले वाचवाले गेलते!”

“मीही तेच म्हणालो त्याला. खोलीवर आल्यावर. तर म्हणाला, ‘मी श्वास घेऊन राह्यलो होतो बे. मी पडलो हे तुले कोणी सांगतलं?’ एवढंच बोलला. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो आणि तो माझ्याशी बोलला नाही.”

आत वहीचं पान उलटलं. मग आचलनं विचारलं, “सर, हे बी लिवू काय? मार्क भेटतीन?”

“लिही. मार्कांचं तुझ्या मॅडमना माहीत.”

बाहेर ओट्यावर पुंडलिकराव बसल्या जागी खिळले होते. दत्तजयंतीची ती घटका त्यांच्या डोळ्यांपुढं उभी होती. बुवांची खाली गेलेली मान. त्यांचा झांजेवर थांबलेला हात. तीन महिने ते एकच गोष्ट स्वतःला सांगत आले होते, बुवा अडकले होते. पण बुवा अडकले होते हे त्यांना कोणी सांगितलं होतं? बुवांनी? बुवांनी तर मागं बघितलंही नव्हतं.

येताना आचल मागं बसून सारखी बोलत होती. आबा हू नाही की चू नाही. शेवटी ती म्हणाली, “आबा, गाडीत पेट्रोल आहे ना? का तुमच्यातलंच संपलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकरावांनी दुकान उघडलं नाही. थेट बुवांच्या घरी गेले. सुमती पोस्टात कारकून होती, डबा घेऊन निघतच होती. तिनं तोंड उघडायच्या आत पुंडलिकराव म्हणाले, “झोपले असतीन तं मी बसतो. उठेपर्यंत बसतो. तू जाय ऑफिसले.”

सुमतीनं एकदा मागं पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि दार उघडं टाकून गेली.

बुवा झोपलेले नव्हते. बैठकीत भिंतीकडे तोंड करून उभे होते. भिंतीवर जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून चिकटवलेली. प्रत्येक पानावर रंगीत खडूनं, हाताएवढ्या अक्षरांत, पदांच्या ओळी. लहान पोरांना बाराखडी शिकवतात तशा. बुवा एका ओळीवर बोट ठेवायचे, डोळे मिटायचे, पुटपुटायचे, डोळे उघडून पडताळून बघायचे. ज्यांच्या पदांनी पंचक्रोशीतल्या बायकांनी आपली लेकरं झोपवली, ते बुवा आपलीच पदं पाठ करत होते.

पुंडलिकरावांनी चपला काढल्या. ते दारातच उभे राहिले. नेहमीसारखे मागं.

“कोण आहे?” बुवा न वळता म्हणाले.

“मी होय, बुवा. पुंडलिक.”

“बसा.”

“बसत नाई. उभ्यानं इचारतो. दत्तजयंतीले तुमी... तुमी इसरले होते का थांबले होते?”

बुवा वळले. मग खाटेवर बसले.

“विसरलो होतो,” ते म्हणाले.

पुंडलिकरावांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांना वाटलं होतं, बुवा म्हणतील, थांबलो होतो.

“विसरलो होतो, पुंडलिका. पार कोरं. पण मी शोधत होतो. आता असंच झालंय माझं. ओळ जाते, आणि मी तिच्या मागं जातो. घरात सुमती शब्द सांगून टाकते. दुकानदार सांगून टाकतो. दूधवालासुद्धा सांगून टाकतो. सगळे प्रेमानंच सांगतात रे. कोणी मला शोधू देत नाही. मला वाटलं, निदान कीर्तनात तरी माझं मला शोधता येईल. कारण मागं पुंडलिक आहे. तो धरून ठेवील. मला दिसत होती ती ओळ. चार पावलांवर होती. आणि मागून तू ती उचलून माझ्या तोंडात कोंबलीस.”

पुंडलिकराव खाली जमिनीवर बसले. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “मले वाटलं, मी सांभाळून राह्यलो.”

“ते मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग आला. परक्यानं केलं असतं तर हसून सोडलं असतं.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

“मले मागं उभं राहू द्या,” पुंडलिकराव म्हणाले. “रामनवमीले.”

“आणि पुन्हा अडकलो तर?”

“तं ध्रुपद म्हणतो. तुमी देल्लं तेवढंच म्हणतो. पुढची ओळ जीभ तुटली तरी नाई देत.”

“बारा वाजत आले तरी?”

“बारा वाजत आले तरी.”

“ओमप्रकाश घड्याळ दाखवील.”

“दाखवू द्या.”

“आणि सापडलीच नाही ओळ, तर?”

पुंडलिकरावांनी भिंतीवरच्या ओळींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. बुवांनाच हसू आलं. “नाही सापडली तर राम आपला आपण जन्म घेईल. तो काही माझ्या पदासाठी अडून बसायचा नाही. चहा घेशील? तुलाच करावा लागेल. साखर कुठं ठेवतात ते मला आठवत नाही, आणि तू सांगायचं नाहीस.”

त्या वर्षी रामनवमी मार्च संपता संपता आली. ऊन आधीच तापलेलं. मंदिरापुढं कापडी मांडव, कडेला दोन कूलर, कोपऱ्यात पाण्याचे माठ. साडेदहालाच माणसं दाटीनं बसली. एका बाजूला बायका, त्यांच्या मधोमध फुलांनी मढवलेला पाळणा, आणि पाळण्याची दोरी धरून यशोदाबाई नि आणखी चौघीजणी. खांबाला मंदिराचं मोठं घड्याळ. त्याच्या खालीच ओमप्रकाशजी उभे, हातात गुलालाचं ताट.

बुवांनी पागोटं बांधलं, देवाला नमस्कार केला आणि आपली झांज घेऊन उभे राहिले. डाव्या हाताला पेटीवर अच्युत सर, उजवीकडे तबला. आणि मागं, एक हात अंतरावर, झांज घेऊन पुंडलिकराव.

पूर्वरंग सुरेख झाला. विषय साधाच, आपण देवाची वाट बघतो, का देव आपली? बुवा हसवत होते, चिमटे काढत होते. “तुम्ही म्हणाल, देव वाट कसा बघेल, त्याला काय काम नाही? अहो, त्यालाच तर दुसरं काम नाही!” म्हाताऱ्या खुदुखुदु हसत होत्या. मध्यंतरात नामाचा गजर झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला. पुंडलिकरावांनी पाण्याचा पेला पुढं केला, उपरण्यानं बुवांच्या मानेवरचा घाम टिपला, आणि पुन्हा आपल्या जागी मागं सरकले.

उत्तररंगात रामजन्माचं आख्यान. अयोध्या सजली, दारी तोरणं लागली, कौसल्यामाता पाळण्याजवळ येऊन बसली. पावणेबाराला बुवांनी आपलं जन्माचं पद धरलं. एकतीस वर्षं हेच पद. ध्रुपद होतं,

ऊन आले माथ्यावर, आता ये रे रघुवीरा

पुंडलिकरावांनी ते उचललं. मांडवाला पाठ होतंच, मागून दोनशे गळे आले. बुवांनी पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. ध्रुपदावर आले. पुंडलिकरावांनी उचललं. तिसरं कडवं. बुवांनी तोंड उघडलं.

आणि मिटलं.

पुंडलिकरावांनी ध्रुपद म्हटलं. बुवांची मान खाली गेली होती. पुन्हा ध्रुपद. बुवांच्या झांजेचा हात छातीशी थांबलेला. तिसऱ्या कडव्याची ओळ पुंडलिकरावांच्या जिभेवर तापलेल्या निखाऱ्यासारखी बसली होती. ‘चंदनाच्या पाळण्याला मोतियांचा वर तुरा.’ एवढंच तर होतं. हळूच म्हटलं तर कोणाला कळलंही नसतं. बुवांच्या कानापर्यंतच गेलं असतं.

घड्याळात अकरा बावन्न. ओमप्रकाशजींनी डोळे मोठे करून बघितलं. मग ताटासकट हात हलवून खूण केली, म्हणा, म्हणा पुढचं! पुंडलिकरावांनी डोळे मिटून घेतले. मनात म्हणाले, रामराया, माझं तोंड धरून ठेव.

आणि त्यांनी ध्रुपदाची चाल उतरवली. ठाय लयीत घेतली. एकेक शब्द लांबवला. ऊन आलेऽ माथ्यावर. सरांनी पेटीवर लगेच सूर खाली आणला, तबल्यानं ठेका मोकळा केला. पुंडलिकरावांनी हात वर करून मांडवाला सांगितलं, तुम्ही म्हणा. बायकांच्या बाजूनं यशोदाबाईंनी उचललं. मग सगळ्या बायकांनी. मग बाप्यांनी. आता ये रे रघुवीराऽ. कूलरचा आवाज ऐकू येईना. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, कोणी गडबड करत नव्हतं. बुवा अडकलेत हे एव्हाना पुढच्या रांगेला कळलं होतं, मागच्या रांगेला नव्हतं. पण म्हणत सारेच होते. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून म्हणत होती. खरंच कोणीतरी यायचं होतं आणि अजून आलं नव्हतं.

अकरा पंचावन्न. छप्पन्न. बुवा हलले नाहीत. पुंडलिकरावांना त्यांची पाठ तेवढी दिसत होती, घामानं ओली, आणि डाव्या हाताची बोटं, कापणारी. सत्तावन्न. ओमप्रकाशजींनी गुलालाचं ताट खाली ठेवलं, हात जोडले, आणि तेही म्हणू लागले.

मग बुवांनी मान वर केली. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं. यशोदाबाईंच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं. आणि म्हणाले,

हात कापतो दोरीवरला, धर रे माझा हात जरा

ही ओळ त्या पदात नव्हती. एकतीस वर्षांत नव्हती. भिंतीवरच्या कुठल्याच पानावर नव्हती. मोतियांचा तुरा तिथंच राहिला कुठंतरी, आणि बुवा शोधता शोधता भलत्याच ठिकाणी पोचले होते. आणि आता बुवांची झांज वाजली होती, ही ओळ मागून उचलायची होती, आणि पुंडलिकरावांना ती पाठ नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बुवांना ऐकलं, नुसतं ऐकलं, आणि जे कानात पडलं ते कापऱ्या आवाजात उचललं. “हात कापतो दोरीवरला...” पुढचं अर्धं चुकलं. ‘धर रे’च्या जागी ‘धरी’ झालं. बुवांनी पुन्हा म्हटलं. ह्यांनी पुन्हा घेतलं. मांडवानं घेतलं. बुवा आता हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात पसरून त्यांनी ध्रुपद असं उचललं की कळसावरची कबुतरं उडाली.

“सियावर रामचंद्र की जय!”

फुलं उधळली, गुलाल उडाला, पाळणा हलला. घंटा, टाळ्या, शंख, एकच कल्लोळ. खांबावरच्या घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. कोणीतरी ते ओमप्रकाशजींना दाखवलं. ओमप्रकाशजींचं तोंड गुलालानं माखलं होतं. ते म्हणाले, “आपलं घड्याळ पुढं आहे.”

पाळणा झाला, आरती झाली, सुंठवडा वाटून झाला. माणसं पांगली. बुवा खांबाला टेकून बसले होते, पागोटं मांडीवर. पुंडलिकराव शेजारी. सुमतीनं पाणी आणून दिलं. अच्युत सर पेटीला गवसणी घालत होते, आचल सांडलेली फुलं गोळा करत होती.

“पुंडलिका,” बुवा म्हणाले, “ती ओळ तू चूक उचललीस पहिल्यांदा.”

“पाठ नव्हती ना बुवा. आधी सांगतलं असतं तं...”

“मलाच कुठं ठाऊक होती!” बुवा म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. “चांगली होती, नाही? लिहून ठेवायला पाहिजे. आचल, वही आण ग. काय बरं म्हटलं मी? दोरी... दोरीवरला...”

आचल कागद-पेन घेऊन समोर बसली. बुवा डोळे मिटून शोधू लागले. पुंडलिकरावांना ओळ लख्ख आठवत होती. ते ओठ मिटून, गुडघ्याला मिठी मारून बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली. सरांनी गवसणीची नाडी बांधली आणि तेही थांबले. बुवांनी एक डोळा उघडून बघितलं.

“अरे सांग ना आता!” ते ओरडले. “कीर्तन संपलं लेका! आता काय तोंडात गुळणी धरून बसलास?”

पुंडलिकराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुमतीनं त्यांच्या पाठीवर थोपटलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि आचलला सांगू लागले, “लिव माय, हात कापतो...”

“‘धर रे’ बरं का,” बुवा मधेच म्हणाले. “‘धरी’ नव्हे.”